एक लडी जास्त

नागपूरच्या पोलीस कचेरीतल्या कारकुनाने माझ्या नावापुढे 'परदेशी' असं लिहिलं, तेव्हा मला हसू आलं होतं. मी गोव्यातल्या काणकोणची. पण काणकोण पोर्तुगिजांचं, साल १९४०, लढाई सुरू झालेली. दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन सही करावी लागे. कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, गल्लीनेही सुरुवातीला मला परकंच मानलं. नंतर मानणं सोडून दिलं. ते कसं घडलं, हे मी जमेल तितकं नेमकेपणाने लिहून ठेवते आहे.

माझे यजमान रेल्वेच्या कचेरीत होते. आदल्या पावसाळ्यात विषमज्वराने गेले. दिरांचं पत्र आलं : 'मेअखेर न्यायला येतो. तोवर आवरून ठेवावे.' काणकोणच्या घरात मला एक कोपरा मिळाला असता, आणि मुंबईत शिकलेलं रसायनशास्त्र लोणच्याच्या बरण्यांपुरतं उरलं असतं. मला आवरायचं नव्हतं. मला राहायचं होतं.

लढाईमुळे जर्मनीचा लाल रंग बाजारातून नाहीसा झाला होता. या भागात पूर्वी आल नावाच्या झुडपाच्या मुळांपासून लाल काढत. झुडपं बांधावर अजून होती. ते काम जाणणारी माणसं उरली नव्हती. पुस्तकात कृती होती. मी महाल भागात, कोष्ट्यांच्या वस्तीत, रंभाबाईंची पडवी भाड्याने घेतली. मागे विहीर आणि आंगण होतं. पडवीत एक जुना माग होता, खाली पाय सोडून बसायचा खड्डा. त्यावर वीतभर ताणा, म्हणजे उभी सुतं, शिल्लक होता, धुळीने करडा झालेला. लड्या वाळवायला मागाची दांडी हवी होती, म्हणून मी पहिल्याच दिवशी ती सुतं कात्रीने कापली.

रंभाबाई घागर घेऊन आल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"कापलं?"

"जुनी सुतं होती, रंभाबाई. दांडी मोकळी करून घेतली."

"माग उघडा ठेवत नाही वं! एक पातळ उतरलं का वीतभर ताणा तसाच ठेवते. नवा ताणा त्यालेच सांधते. सासऱ्याच्या आज्यापासून हा माग एक दिवस रिकामा नव्हता."

"मला माहीत नव्हतं."

"तुले कसं माहीत राहीन? तू समुद्राकडची." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सांध आता. तूच कापलं, तूच सांध. पण ध्यानात ठेव, जो सांधते, काम त्याचं होते."

तीनशे सोळा सुतं होती. चार दिवस लागले. मी डावरी आहे. रंभाबाई जवळ बसून पाहत होत्या.

"तुझी गाठ उलटी बसते वं. हजारांत ओळखू येईन."

"हा ताणा कुणाचा होता?"

"माझ्या मोठ्या जावेचा. कौशल्या. लाल रंग काढावा तर तिनंच. वीस वर्षं झाली. एका दुपारी लड्या धुवाले नागनदीवर गेली."

"मग?"

"लड्या सापडल्या," रंभाबाई म्हणाल्या, आणि घागर उचलून गेल्या.

पहिलं काम समोरच्या भैयाजींनी दिलं. लेकीचं लग्न वैशाखात होतं आणि तिचं पातळ ते स्वतः विणणार होते. किनारीसाठी पक्का लाल हवा होता. गल्लीतले दहा जण ऐकत उभे होते.

"पाहा गा, परदेशी बाई आता कोष्ट्याले रंग शिकवून राहिली," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून : "बाई, रंग उतरला तर पोरीच्या सासरचे माझं नाक कापतीन. अन् मग या गल्लीत तुले कोणी चिंधी बी रंगवाले देणार नाही."

ते खरंच होतं. महिना हाती होता.

नमुन्याच्या लड्यांवर माझा प्रयोग तीनदा फसला. लाल येईना, काळजासारखा काळपट तपकिरी येई. विहिरीच्या पाण्यात लोह होतं, हे मला कळत होतं. ते काढायचं कसं, हे कळत नव्हतं. मी तुरटी बदलली, तेल बदललं, भांडी बदलली. वहीत रोज तेच लिहीत होते : तपकिरी.

एप्रिलच्या अकरा तारखेला मी अकरा लड्या रंगवून बारा वाजता आंगणातल्या बांबूवर टाकल्या. सावलीत पारा एकशे बारावर होता. दुपारी त्या गल्लीत मागांची खटखट थांबते; कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन पडतात. मी दाराला आतून कडी लावून आडवी झाले. तीन वाजता उठले.

बांबूवर बारा लड्या होत्या.

अकरा वाळून कडक झाल्या होत्या. बारावी ओली होती, पाणी निथळत होतं, आणि ती लाल होती. डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तशी.

मी दोनदा मोजल्या. भिंत पाहिली, ती दीड पुरुष उंच. कडी लागलेली होती. दुसऱ्या दिवशी मी दारावर आणि भिंतीच्या माथ्यावर बारीक दोरा ताणून ठेवला. दोरा तुटला नाही. लडी एक जास्त होती. तिसऱ्या दिवशी मी जागी राहायचं ठरवलं आणि भिंतीला टेकून बसले. मला झोप लागली. तशी झोप मला दुपारची कधी लागत नाही.

मी लडी रंभाबाईंकडे नेली. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. लडी जिथे बांधलेली होती तिथे बोट ठेवलं. गाठीच्या मुळाशी सुताचे दोन वेढे होते.

"असा दुहेरी वेढा आमच्यात एकच बाई देत होती. कौशल्या."

त्यांनी लडी परत माझ्या हातात ठेवली.

"ठेवून घे," त्या म्हणाल्या. "इचारू नको. कौशल्येलेही अशीच येत होती. तीही बाहेरचीच, बालाघाटाकडची. तिलेही कोणी सूत देत नव्हतं. मग तिनं हा माग सांधला."

"तिला कोण देत होतं?"

"तिनं इचारलं नाही. मी बी नाही." मग माझ्याकडे न पाहता : "जाण्याच्या आधी मात्र दोन महिने म्हणत होती, रंभे, माझी रोज एक लडी कमी भरून राहिली."

मी शिकले होते ते केलं. त्या लडीतलं थोडं सूत जाळून राख तपासली. लोह जवळजवळ नव्हतं. चुना भरपूर होता. म्हणजे पाण्यात आधी चुना घालायचा, उघड्या रांजणात ते रात्रभर ठेवायचं, आणि तळाशी बसलेला तांबूस गाळ न हलवता वरचं पाणी घ्यायचं. इतकं सोपं होतं. पुस्तकात नव्हतं.

चौथ्या दिवशी माझ्या स्वतःच्या लड्या लाल आल्या. त्या दिवशी बांबूवर अकराच होत्या. मी रिकाम्या जागेला हात जोडले. रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईने तसं करावं का, हा प्रश्न मला पडला नाही.

भैयाजींनी रंगवलेलं सूत सोड्यात उकळलं, आठ दिवस उन्हात टाकलं, थुंकी लावून पांढऱ्या धोतरावर घासलं.

"नाही उतरत गा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोलिसाले सांगा, ही बाई आता परदेशी नाही. हिचं नाव खोडा."

मेअखेर दीर आले. आंगणात बारा घरांचं सूत वाळत होतं. त्यांनी चहा घेतला, लड्यांखालून वाकून दोनदा फिरले. त्यांनी परतीची दोन तिकिटं काढली होती. एकावरच गेले.

पुढची सहा वर्षं चांगली गेली. मी जिचं तोंड पाहिलं नाही तिची ऋणी आहे, हे मी दर वैशाखात त्या मागावर एक लाल लडी ठेवून सांगत आले.

गेल्या थंडीत रंभाबाई वारल्या. त्यांच्या मुलाने माग विकायला काढला, तो कामठीच्या यमुताईने घेतला. ही लढाईत रंगूनहून पायी आलेली विधवा; वाटेत नवरा गेला. कामठीतही तिला रंगवायला सूत द्यायला कोणी तयार नव्हतं. माग बैलगाडीत चढवताना ताणा तुटला. यमुताई तुटलेली टोकं हातात घेऊन माझ्याकडे पाहत होती.

"सांध," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

तिचा काळा रंग विटत होता. मी दोनदा कामठीला जाऊन पाणी तपासलं. दोष सापडला नाही.

या एप्रिलमध्ये माझ्या लड्या कमी भरू लागल्या. दुपारी तीस टाकाव्या, तीन वाजता एकोणतीस असाव्या. दारावर दोरा ताणला. तुटला नाही. मला दुपारी झोप लागते. उठते तेव्हा माझे हात कोपरापर्यंत ओले असतात.

परवा यमुताई मोटारबसने आली. फडक्यात गुंडाळलेली लडी तिने माझ्यापुढे ठेवली. काळी, दाट, ओली.

"बाई, मी सात टाकल्या होत्या. आठ निघाल्या. कडी आतून होती. मी वेडी तर होऊन नाही राहिली?"

मी रंगाकडे पाहिलं नाही. गाठ पाहिली.

उलटी होती.

"काय करू हिचं?"

"ठेवून घे," मी म्हणाले. "विचारू नको."

तिचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. मला जे मिळालं ते पुढे गेलं, याहून अधिक मी काय मागावं?

कालपासून मी एक नवी पद्धत सुरू केली आहे. बांबूवर टाकण्याआधी प्रत्येक लडीला ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी बांधते, पाण्याने पुसणार नाही अशा शाईने लिहिलेली. कौशल्येच्या सापडल्या, तशा माझ्याही सापडतील तेव्हा ज्याच्या त्याला पोचाव्यात.