माळ्याचा पांढरा सदरा

दारातच धडक झाली. तिच्या हातातली टाचण्यांची डबी जमिनीवर, त्याच्या कपातला चहा तिच्या बाहीवर... आणि वर हा बाबा हसतोय!

"डोळे आहेत ना?" ती कडाडली.

"आहेत की. आत्ताच कामाला लागलेत," तो म्हणाला आणि खाली बसून टाचण्या वेचू लागला.

ती नाटकमंडळीचे कपडे शिवायची, तो तिथे नवाच आलेला नट. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर नाटक बसत होतं. न केलेल्या चोरीची शिक्षा भोगणाऱ्या एका माळ्याची गोष्ट. माळी हाच होणार होता. पहिलीच मोठी भूमिका, त्यामुळे स्वारी हवेत तरंगत होती.

"मातीत राबणारा माणूस पांढरा सदरा घालेल होय?" माप देताना त्याने विचारलं.

"अहो, ते त्याचं मन आहे. निर्मळ, निर्दोष. कादंबरी वाचलीय का तुम्ही?"

"वाचलीय. पण तुम्ही सांगता तेव्हा जास्त कळते."

तिने टेप मुद्दामच जरा आवळली. हसू मात्र काही आवरेना.

मग काय, रोज त्याचं बटण तुटायचं, रोज शिवण उसवायची. हातात कप कायम, म्हणून तिने त्याचं नाव 'चहाबाज' ठेवलं. त्याला यायला उशीर झाला की उगाचच दाराकडे बघायची.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सदऱ्याच्या छातीवर तांबूस डाग दिसला. तिला रडूच फुटलं.

"चहा! किती वेळा सांगितलं, इथे कप आणू नका!"

"अहो, मी सदऱ्याला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय आभाळातून पडला?"

दिग्दर्शक आधीच वैतागलेले. "कपडे सांभाळता येत नाहीत, भूमिका काय सांभाळणार!" म्हणत त्यांनी माळ्याचं काम दुसऱ्याला दिलं आणि याला पडदा ओढायला बसवलं. जाताना त्याने एकदा तिच्याकडे बघितलं.

डाग निघेना. दुसऱ्या दिवशी घाईघाईने शिवलेल्या नव्या सदऱ्यावर तिने वाफेची इस्त्री टेकवली मात्र, इस्त्रीने फुर्रकन पाणी टाकलं. तांबूस! अगदी तसाच डाग.

"अगं बाई!" तिने इस्त्रीचं झाकण उघडून पाहिलं. काम संपलं की इस्त्रीतलं पाणी काढून ठेवायचं, ते ती विसरली होती. आत गंज धरला होता. निर्दोष माळ्याची गोष्ट जगाला समजावत फिरली, आणि स्वतः काय केलं? कप दिसला, झालं!

तशीच धावत रंगमंचावर गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "डाग माझ्या इस्त्रीचा आहे. चूक माझी. यांच्यावर उगाच आळ घेतला मी."

दिग्दर्शकांनी डोकं खाजवलं. "मग उभा काय राहिलास? जा, तयार हो!"

कपड्यांच्या खोलीत त्याने पहिलाच सदरा उचलला.

"थांबा, एखादा साधा शोधून देते. त्याला डाग आहे..."

"माळ्यालाही होता. त्याने न पाडलेला."

तिचे डोळे भरून आले. ती बटणं लावू लागली.

"रागावलात?"

"खूप. शिक्षा होणार तुम्हाला."

"कसली?"

"रोज माझ्याबरोबर चहा... जन्मभर. जमेल? मला तुम्ही फार आवडता हो."

"मलाही," ती म्हणाली. "काल रात्रभर रडले. सदऱ्यासाठी नाही काही..."

पहिली घंटा झाली. शेवटचं बटण लावून झालं होतं, तरी तिचा हात त्या डागावरच राहिला.