धुतलेले हात

सन २०६३. त्या वर्षी सांगलीतल्या एका कारखान्यात हळकुंडं भरडणारं एक नवं यंत्र आलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यानं तिथं कामाला असलेल्या पल्लवीमावशीची दोन बोटं नेली.

यंत्र घडवलं होतं तिच्या शेजारच्या स्वप्नील आजोबांनी. ते प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअर होते (माणसांच्या वापरातली वस्तू कशी असावी हे ठरवून ती घडवणारा तंत्रज्ञ). त्यांची नात रेवा बारा वर्षांची. तिला मोठेपणी तेच व्हायचं होतं.

यंत्राच्या तोंडाशी सेन्सर होता (समोरचा बदल टिपणारा भाग, यंत्राचा डोळाच म्हणा). हात दिसला की पाती थांबायची. आजोबांच्या यंत्रमानवानं, गणूनं, प्रोटोटाइपमध्ये (विक्रीआधी तपासायच्या पहिल्या नमुन्यात) हजार वेळा हात घातला होता. हजारही वेळा पाती थांबली. मग मावशीच्याच वेळी का नाही?

कारखान्याचा मालक म्हणाला, बाईच बेफिकीर. मावशीला कामावरून काढलं. आजोबांचं जेवण सुटलं.

रेवा मावशीकडे गेली.

"मावशी, तू काही वेगळं केलंस का गं?"

"वेगळं काय करायचंय? हळकुंड अडकलं, हात घातला. तुझ्या आजोबांच्या खोलीत घातला होता तसाच."

"तू चाचणीला आली होतीस?"

"आले होते की. दारातच अडवलं मला. म्हणाले, आधी हात धुऊन ये, इथं धूळ चालत नाही. म्हटलं, देवळात चाललेय का मी?"

मावशी हसली. तिच्या धडक्या हाताच्या रेषांत हळद बसली होती. काम सुटून बारा दिवस झाले, तरी निघाली नव्हती.

रेवा तशीच उठली. घरी येऊन तिनं डब्यातली हळद गणूच्या राखाडी हाताला चोळली.

"आजोबा, यंत्र सुरू करा. एकदाच."

आजोबांनी त्या पिवळ्या हाताकडे पाहिलं. त्यांना तिथंच कळलं असावं. तरी त्यांनी बटण दाबलं.

पाती थांबली नाहीत. धातूची बोटं खळखळत खाली पडली.

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पिवळं ते हळकुंड आणि पिवळं नाही तो हात, असं मी त्या डोळ्याला शिकवलं. इथं सगळे हात धुतलेलेच आले. वस्तू जिथं वापरायची तिथंच तपासावी, रोज वापरणाऱ्याच्या रोजच्या हातांनी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो गं मी हे."

"मी शोधायलाच नको होतं का?"

"मग मावशी कायमची बेफिकीर ठरली असती," आजोबा म्हणाले आणि मालकाला पत्र लिहायला बसले. चूक माझी, एवढंच लिहिलं.

यंत्र बंद झालं. मावशीला परत बोलावणं आलं, पण ती गेली नाही. कुठलंही यंत्र सुरू झालं की ती हात पदराखाली घ्यायची. आजोबांनी पुन्हा एकही आराखडा काढला नाही. चार वर्षांनी ते गेले.

रेवा प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअर झाली. तिच्या यंत्राचा डोळा रंग बघत नाही, हाताची ऊब ओळखतो. पहिल्या चाचणीला तिनं मावशीला बोलावलं. मावशी आली, पण उंबरठ्यावरच थांबली.

"हात धुऊ का गं?"

"नको," रेवा म्हणाली. तिनं स्वतःचा हात हळदीनं माखला आणि यंत्राच्या तोंडाशी नेला.

पाती थांबली.