बाबागाडीवरचे दोन कॅमेरे

ही रात्रीची गोष्ट नाही.

दुपारची आहे. पाऊण वाजताची. भर उजेडात घडलेली.

रात्रीची असती तर लोक म्हणाले असते, झोपेत भास झाला असेल. पण इथे पाहणारे डोळे माणसाचे नव्हतेच. कॅमेऱ्याचे होते. ते रेकॉर्डिंग मी स्वतः पाहिलंय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मंगळवार, सहा फेब्रुवारी २०२४. डेन्मार्कचा पश्चिम किनारा, लेमविगच्या अलीकडची सहा घरांची वस्ती. ज्याच्याबाबतीत हे घडलं तो माझा धाकटा भाऊ, टोर्किल.

टोर्किल बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घराला लागूनच त्याचं वर्कशॉप आहे. आदल्या ऑक्टोबरमध्ये त्याची बायको टोवे गेली. सकाळी पाय दुखतोय म्हणाली, संध्याकाळी नव्हती. मागे चार महिन्यांची आल्मा.

आमच्याकडे तान्ही मुलं दुपारी बाहेर झोपतात. बर्फ असला तरी. जाड दुलईत गुंडाळायचं, बाबागाडीत ठेवायचं, गाडीची टोपी वाऱ्याकडे करायची आणि आपल्या कामाला लागायचं. उठल्यावर गाल लाल आणि गार लागले की म्हणायचं, छान झोप झाली. आल्माला ही सवय टोवेने लावली होती. टोर्किलने ती मोडली नाही. टोवेचं तेवढंच काय ते चालू राहिलं होतं.

जानेवारीत एका दुपारी तो वर्कशॉपमधून मागच्या अंगणात आला...

गाडी उलट्या दिशेला तोंड करून होती.

टोपी भिंतीकडे. तोंड शेताकडे. ब्रेक मात्र त्याने लावला होता तसाच लावलेला.

आल्मा शांत झोपली होती. खडीवर चाकांची एकही खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो लेमविगला प्रेबेनच्या दुकानात गेला. दोघं एकेकाळी एकाच संघातून फुटबॉल खेळलेले.

"कॅमेरे? तुझ्याकडे चोर येऊन काय नेणार? गंजलेली इंजिनं?" प्रेबेन म्हणाला.

"बाबागाडीवर लक्ष ठेवायचंय. कुणीतरी हात लावतंय."

प्रेबेनने चेष्टा थांबवली. दोन खोकी काढून पुढे ठेवली.

"हा बॅटरीवाला. कुठेही अडकव. पण आळशी आहे. अंगाची ऊब समोरून हलली तरच जागा होतो, तेवढंच टिपतो, परत झोपतो. आणि हा तारेवाला. एकाच केबलमधून वीजही जाते आणि चित्रही. हा झोपत नाही. ऊब वगैरे याला कळत नाही, हा आकार ओळखतो. माणूस, कुत्रा, गाडी. दिसलं की फोनवर कळवतो."

"चुकतो का?"

"कधी कधी झुडपाला माणूस म्हणतो. म्हणून दोन्ही घे. हा खोटं बोलला तर तो सांगेल."

"रेकॉर्डिंग कुठे राहतं?"

"कंपनीकडे ठेवता येतं, नाहीतर हा रेकॉर्डर घे. घरातल्या घरात, डिस्कवर."

"घरातच. माझी पोरगी कुठल्या कंपनीत नको."

"आणि भिंग? रुंद घेतलंस तर सगळं अंगण दिसेल, पण चेहरा कळणार नाही. अरुंद घेतलंस तर चेहरा कळेल, बाकी काही दिसणार नाही."

टोर्किलने रुंद घेतलं. कोण कुठून येतं, हे त्याला पाहायचं होतं.

तारेवाला दारावर लावला. बॅटरीवाला समोरच्या शेडवर. मधे बाबागाडी.

दोन दिवस काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊण वाजता फोन वाजला...

माणूस.

तो पाना टाकून धावला. अंगणात कुणी नव्हतं. गाडी मात्र हळूहळू हलत होती, आणि मग थांबली.

त्याने रेकॉर्डिंग लावलं.

अंगणात आमच्याकडे सगळ्यांच्या असते तशी झेंड्याची काठी आहे. वाऱ्याने तिची दोरी काठीवर आपटत असते. टक. टक. टक. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज येत होता. पाऊण वाजता तो थांबला. दोरी दिसत होती, हलत होती, आपटत होती...

आवाज नव्हता.

आणि गाडीपाशी एक बाई उभी होती. पाठमोरी. खांद्यापर्यंत केस. एक खांदा जरासा झुकलेला. मूल कडेवर घेऊन घेऊन टोवेचा झुकला होता, तसा.

ती आली कुठून, हे रुंद भिंगालाही दिसलं नव्हतं.

त्याने शेडवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग शोधलं. त्या वेळेचं काहीच नव्हतं. नंतर एक तुकडा होता. त्यात तो स्वतः धावत येताना दिसत होता. त्याची ऊब त्या कॅमेऱ्याला लगेच कळली होती.

शहाण्या माणसाने मुलीला त्याच दिवशी आत झोपवलं असतं.

टोर्किलने दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बाहेर ठेवली. तिसऱ्या दिवशीही. रोज पाऊण वाजता तो फोन हातात घेऊन बसायचा. ती चार मिनिटं असायची. त्याला वाटत होतं, टोवे आली आहे. लेकीला पाहायला.

मी त्याला दोष देत नाही. माझीही बायको गेली आहे. चार मिनिटांसाठी ती दिसणार असती, तर मीही गाडी बाहेर ठेवली असती.

दर गुरुवारी टोवेची आई, येट्टे, यायची. त्या गुरुवारी तिने आल्माला गाडीतून उचललं आणि खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिलं.

"ही झोपते किती?"

"तीन तास. कधी साडेतीन."

"महिन्यापूर्वी दोन तास झोपायची. आणि उठून रडत का नाही?"

"गुणी आहे म्हणून."

"गुणी नाही, गार आहे. पाठीला हात लाव. दुलईतसुद्धा गार आहे. आत झोपव हिला."

"येट्टे, तुम्ही टोवेला बाहेरच झोपवत होतात ना?"

"होते. पण ती उठली की सहा घरांना कळायचं."

येट्टेने कॉफी अर्धीच ठेवली. निघताना दारात थांबून म्हणाली, "माझी एक गेली आहे, टोर्किल. दुसरी घालवू नकोस."

त्या रात्री तो पहिल्यांदा घाबरला. ती टोवे असेल, तर भिण्यासारखं काही नव्हतं. नसेल तर...

चेहरा पाहायला हवा होता.

शनिवारी तो पुन्हा प्रेबेनकडे गेला आणि अरुंद भिंगाचा कॅमेरा मागितला.

"सापडलं का कोणी?"

"तारेवाला माणूस म्हणतो. शेडवरचा उठतच नाही."

"मग कुणी नाही. या थंडीत अंगात ऊब असलेलं काहीही त्याच्यासमोरून जाऊ दे, उठलाच पाहिजे."

"आणि ऊब नसलेला माणूस असेल तर?"

"तो चालत नसतो," प्रेबेन म्हणाला. मग टोर्किलच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने घाईघाईने खोकं बांधून दिलं.

सोमवारी त्याने नवा कॅमेरा बसवला. चित्रात फक्त गाडीची टोपी, दुलई आणि आल्माचा चेहरा.

मंगळवारी तो वर्कशॉपमध्ये सगळी यंत्रं बंद करून, फोनवर नव्या कॅमेऱ्याचं चित्र लावून बसला. बाहेर दोरी वाजत होती. उणे सहा डिग्री. प्रत्येक श्वासाबरोबर आल्माच्या तोंडातून वाफेचा छोटा ढग निघत होता. तो ते ढग मोजत बसला.

टक. टक. टक...

दोरीचा आवाज थांबला.

चित्रात केस आले. मग ती वाकली, आणि तिचा चेहरा भिंगासमोर आला.

ती टोवे नव्हती.

मी तो चेहरा पाहिलाय. नाक, डोळे, ओठ, सगळं होतं. पण टोवेच्या केसांखाली तो कुणाचाच नव्हता. फोटोतले खूप चेहरे एकमेकांवर ठेवले तर दिसेल तसा काहीसा.

तिने दुलई बाजूला केली. आल्माच्या छातीवर हात ठेवला.

आल्माच्या तोंडातून वाफ निघाली. लहानशी. मग आणखी लहान...

मग निघालीच नाही.

आणि त्या बाईच्या तोंडातून वाफ आली.

टोर्किल कसा धावला, त्याला आठवत नाही. पोचला तेव्हा गाडीपाशी कुणी नव्हतं. आल्मा पांढरी पडली होती. त्याने तिला शर्टाच्या आत छातीशी धरलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिच्या तोंडात श्वास भरत राहिला.

आल्मा वाचली. डॉक्टर म्हणाले, थंडी बाधली, असं क्वचित होतं.

मी त्या रात्री त्याच्या घरी गेलो. तो दवाखान्यात होता. मी एकट्याने रेकॉर्डर लावला. तिन्ही कॅमेरे पाहिले.

बारा एकोणपन्नासला शेडवरचा कॅमेरा जागा झाला होता. टोर्किल अंगणात यायच्या आधी.

एक बाई शेताकडे चालत जात होती. तोंडातून वाफ निघत होती.

आणि तिच्या पायाखाली खडी वाजत होती.

त्यानंतर ती आली नाही. आल्मा आता आतच झोपते. टोर्किलने गाडी देऊन टाकली. तो हसतोही कधीमधी. कॅमेरे काढायचे राहून गेले आहेत.

एप्रिलमध्ये मी गेलो होतो. ऊन होतं, पण हवा गार होती. टोर्किल आत बटाटे सोलत होता. आल्मा नुकती रांगायला लागली होती. मी तिला अंगणात सोडलं.

टोर्किलचा फोन बाकावर होता. आता त्यावर फक्त शेडवरचा कॅमेरा कळवायचा. मी शेडसमोरून गेलो, फोन वाजला. शेजारची मांजर गेली, फोन वाजला.

आल्मा शेडसमोरून रांगत गेली. कॅमेऱ्यापासून दोन हातांवर.

फोन वाजला नाही.

मी तिला परत नेलं. पुन्हा सोडलं. पुन्हा...

नाही.

आतून टोर्किलने विचारलं, "काय करतोयस रे तिच्याशी?"

"खेळतोय," मी म्हणालो.

तिचा हात माझ्या हातात होता. लहान हात गारच असतात, असं मी स्वतःला सांगितलं. टोर्किलला अजून काही सांगितलेलं नाही. तो विचारेल, मग शेताकडे जी गेली ती काय घेऊन गेली.