पेटीखालचं झाड

"आबा, थांबा! उपटू नका!" अक्षदा ओरडत धावली, पण तोवर आजोबांनी उपटलेली हिरड्याची पन्नासेक रोपं बांधावर पडली होती.

दोन हजार सात सालची मे महिन्याची सुट्टी. तळेघर गावात तिच्या आजीनं, साळुबाईनं, डोंगरावर लावायला पाचशे रोपं जिवापाड जपून वाढवली होती. मग झाडं हवेत काय सोडतात ते मोजायला पुण्याहून एक साहेब आले. रोपावर पारदर्शक पेटी ठेवायची, आतली हवा यंत्रात ओढायची आणि आकडा लिहायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, ही झाडं मिथेन सोडतात, त्यानं हवा तापते. लागवड रद्द!

"झाडांमुळे हवा तापते? मग आम्ही सावलीला कुठे बसायचं?" मंचरहून राहायला आलेली तिची मैत्रीण रिद्धी फणकारली.

"परदेशातही असंच आढळलंय. यंत्र खोटं बोलत नाही, बाळ," साहेब हसून म्हणाले.

"शिकल्याली मानसं हायती. पोरींनी मधी बोलू न्हाई," आबांनी बजावलं. रोज एक वाफा मोकळा करायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अक्षदाला रडूच कोसळलं. आपलं कुणी ऐकतच नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तर आजी उरलेल्या रोपांना गोबरगॅसच्या टाकीतला पातळ शेणकाला पाजत होती.

"आजी, ही पण फेकायचीच ना?"

"म्हनून काय उपाशी ठिवायची? हिरीला पानी न्हाई. आन पावणं मोजाया येत्यात, रोपं तरतरीत दिसाया नगं? रोज पाजते मी, त्येंच्या आधी."

रिद्धीनं अक्षदाचा हात गच्च धरला. "गोबरगॅसमध्ये कोणता गॅस असतो गं?"

"मिथेन!"

पण सांगणार कुणाला? साहेब शनिवारी परत जाणार होते. दोघींनी एका रोपाची मुळं धुतली, ते ताज्या मातीत लावलं आणि लांबच्या झऱ्यावरून त्याला पाणी आणून घातलं. तिकडे आबा रोज एक वाफा उपटत होते. ते बघवत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं.

शनिवारी पोत्यानं झाकलेली पेटी पाहून साहेब चक्रावले.

"साहेब, शेवटचं एक मोजा ना! आत काय ते ओळखायचं!"

आकडा भराभर चढला. "बघा! चांगलं दांडगं रोप दिसतंय!"

रिद्धीनं पोतं ओढलं. आत घमेलंभर शेणकाला! झाडाचं एक पानही नाही!

मग झऱ्याच्या पाण्यावरचं रोप पेटीखाली गेलं. आकडा ढिम्म हलला नाही.

साहेब बांधावर बसले. "म्हणजे मुळांनी पाण्याबरोबर गॅस ओढला आणि पानांनी तो बाहेर सोडला! या रोपांनी तो बनवलाच नव्हता. पाणी कसलं घालता, एवढंही मी विचारलं नाही. शाबास, पोरींनो! लागवड होणार!" त्यांनी आजीपुढे हात जोडले.

"लई हुशार निघाल्या," आबा पुटपुटले. त्यांची मान खाली होती.

आजी मात्र बांधावर वाळलेल्या रोपांच्या ढिगापाशी गेली. "म्हंजी माज्याच हातानं झालं व्हय हे?"

"नाही गं आजी! तू तर त्यांना जगवत होतीस!" अक्षदा तिला बिलगली. "ही पुन्हा लावूया. जगतील ना?"

आजीनं एका रोपाची साल नखानं खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. तिनं ते रोप हळूच खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.