वाडग्याचे धुवण

कोर्यो राज्यातल्या त्या डोंगरावर पहाटेचे धुके अजून चीडवृक्षांत अडकून होते, आणि उनहे विहाराच्या महाद्वारापाशी सरदार पे घोड्यावरून उतरत होता. बुद्धाच्या दर्शनाला आलो आहे, असे त्याने नम्रपणे कळवले. दर्शनाला येणारा चाळीस तलवारी कशाला आणेल, हे न कळण्याइतके विहाराचे प्रमुख आचार्य वोल्हा भोळे नव्हते. सरदाराला धाडणाऱ्या, सिंहासन बळकावलेल्या प्रधानाला गादीचा खरा वारस हवा होता. आणि तो वारस, युवराज ईन, मुंडण करून चार दिवसांपासून आचार्यांच्याच भिक्षूंत लपला होता.

सरदाराने युवराजाला कधी पाहिले नव्हते, पण गडी मुरलेला होता. दर्शन उरकून त्याने सकाळच्या पंगतीत बसण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा आचार्यांनी त्याचा डाव ओळखला. विहाराचा रिवाज असा, की जेवण झाल्यावर ज्याने त्याने वाडग्यात पाणी घ्यायचे, मुळ्याच्या फोडीने वाडगा घासायचा आणि ते धुवण पिऊन टाकायचे. राजवाड्यातल्या जिभेला हे जड जाते म्हणून आचार्यांनी ईनला ते माफ केले होते. ती दया आता अंगाशी आली.

पाणी वाढले गेले. सरदाराची नजर एकेका ओठावरून फिरू लागली. ईनने वाडगा तोंडाशी नेला आणि त्याचा हात थबकला. सरदाराची मान तिकडे वळणार, इतक्यात पलीकडच्या टोकाला चोंगान नावाच्या तरुण भिक्षूने आपला लाकडी वाडगा जमिनीवर असा आपटला, की त्याच्या काठाला चीर गेली.

"हे खरकटे पाणी आम्ही प्यायचे? पुरे झाले हे सोंग."

पाचव्या वर्षी विहाराच्या पायरीवर सापडलेला चोंगान सतरा वर्षे ते पाणी थेंबही न सांडता पीत आला होता.

सरदार उठला. "आचार्य, आपण कधी असत्य बोलत नाही, अशी आपली कीर्ती आहे. हाच का युवराज?"

हो म्हणावे तर व्रत मोडते. नाही म्हणावे तर वारस जातो. आचार्य उठले. ते चोंगानपुढे गेले, गुडघे टेकले आणि राजापुढे टेकवावे तसे कपाळ जमिनीला लावले. त्या नमस्कारात खोटे काहीच नव्हते. सरदाराला मात्र उत्तर मिळाले.

चोंगानला बांधून नेले. पंगतीत ईनने वाडगा पुन्हा उचलला आणि रडत रडत रिकामा केला.

राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर होती. प्रधानाने चेहरा पाहून फसगत ओळखली, तोवर ईन उत्तरेच्या निष्ठावंत फौजेत पोहोचला होता. चोंगानचे शिर वेशीवर टांगले गेले.

दोन वर्षांनी ईन गादीवर बसला. अभिषेकाच्या मेजवानीत त्याच्यापुढे सोन्याच्या ताटाशेजारी एक लाकडी वाडगा होता. जेवण होताच त्याने त्यात पाणी घेतले, मुळ्याच्या फोडीने वाडगा घासला आणि साऱ्या दरबारादेखत ते धुवण प्यायला. वाडग्याच्या काठाला चीर होती, म्हणून त्याने ती बोटाने दाबून धरली होती.