अकराला निघालेली लॉरी

"शूऽऽ! आईचा फोन आहे!" दीक्षानं हात वर केला आणि पत्त्यांचा डाव जागच्या जागी थांबला.

मेधाच्या घराच्या व्हरांड्यात तिघंजण बसली होती. दीक्षा तेरा वर्षांची, मेधा तिच्याच वर्गातली, आणि रवी दीक्षाचा आतेभाऊ, वय दहा, तोंड मात्र दहा जणांचं! मे महिन्याची सुट्टी होती, पण सुट्टीची मजा कुणालाच येत नव्हती. तीन दिवस टीव्हीवर एकच नकाशा दिसत होता. अरबी समुद्रात एक पांढरा भोवरा, आणि तो रोज थोडा थोडा कारवारच्या किनाऱ्याकडं सरकत होता.

दीक्षाची आई त्याच किनाऱ्यावर होती. वनिता सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि चार दिवसांपासून अंकोल्याजवळच्या एका शाळेत त्यांची नेमणूक झाली होती.

"दीक्षा, ऐकू येतंय का गं?"

"येतंय. पण आई, तो आवाज कसला?"

"समुद्राचा."

दीक्षानं फोन कानाला घट्ट दाबला. शाळा समुद्रापासून चांगली लांब आहे असं आईनंच सांगितलं होतं!

"खालच्या वस्तीतली सगळी माणसं शाळेत आणली आहेत. चारशेच्या वर आहेत, त्यात लहान मुलं किती तरी. शाळा कौलारू आहे. रात्री नऊनंतर छपरावर माणूस चढू शकणार नाही असं म्हणतात. त्याच्या आत ताडपत्र्या घालून दोर आवळायला पाहिजेत. नाही तर..." आईनं वाक्य अर्धंच सोडलं. "पद्मनाभशेठनी कळवलंय, लॉरी अकराला निघाली, म्हणजे आता यल्लापूर ओलांडलं असेल. सहा वाजता अरबैल घाट बंद करणार आहेत. पण तोवर ती येईल. ठेवते हं!"

"आई, तू जेवलीस का?" पण फोन बंद पडला होता. दुपारचा दीड वाजला होता.

"निघाली आहे ना लॉरी? मग काळजी कशाला?" मेधा म्हणाली. पद्मनाभशेठ म्हणजे मेधाचे मामा. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्यांचं ताडपत्री आणि दोरखंडांचं दुकान होतं. काल या तिघांनीच तिथं बसून मालाच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि पत्ते व्हरांडाभर उडाले. हुबळीला समुद्र नाही, पण सकाळपासून आभाळ मळकं झालं होतं आणि वारा कुठून येत होता ते कळत नव्हतं. रवी पत्ते गोळा करायला बाकाखाली शिरला, आणि आतूनच ओरडला, "चोरी! चोरी झालीय!"

"काय झालं रे?"

"माझा मासा!"

बाकाखाली नव्या ताडपत्रीची एक गुंडाळी होती. तिच्यावर कालचीच चिठ्ठी होती, 'कारवार किनारा' असं लिहिलेली, आणि कोपऱ्यात रवीनं काढलेला मासा! कालच्या प्रत्येक चिठ्ठीवर त्यानं एक मासा काढला होता आणि त्यापायी दीक्षाची बोलणीही खाल्ली होती. गुंडाळीला हळदकुंकू लावलेलं होतं. दोरीला एक पुरचुंडी बांधली होती, तिच्यात मूठभर तांदूळ आणि एक सुपारी.

"हा गठ्ठा तर लॉरीत पाहिजे!" दीक्षा म्हणाली. "तो तुमच्या बाकाखाली कसा आला?"

"मला काय ठाऊक? मी सकाळपासून तुमच्याकडं कमरीपेठेत होते. आई पेपर तपासायला गेली आहे, तिथं फोन बाहेर ठेवून घेतात."

"मी सांगतो!" रवी म्हणाला. "चोरांनी चोरीआधी पूजा केली असणार!"

"गप रे!"

मेधानं मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. तीन वेळा तसंच झालं. एक गठ्ठा इथं असेल, तर बाकीचे कुठं आहेत? आई कशाची वाट बघत बसली आहे?

"सायकली काढा! दुर्गदबैलात जाऊ!"

बाजारात नेहमीसारखी रेटारेटी होती, पण आवाज वेगळा होता. दुकानांवरची कापडं फडाफडा उडत होती आणि हातगाडीवाले आभाळाकडं बघत माल आवरत होते. पद्मनाभशेठच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तिघं मागच्या बोळात वळली आणि मेधानं एवढ्या जोरात ब्रेक दाबला की रवी तिच्या चाकावर आदळला.

बोळात लॉरी उभी होती!

भरलेली, दोर आवळलेली, समोर झेंडूची माळ घातलेली. चाकाला चिमूटभर धूळसुद्धा लागलेली नव्हती.

"ही तर यल्लापूर ओलांडून गेली आहे ना?" रवीनं हळूच विचारलं.

केबिनमध्ये ड्रायव्हर नागोजी पाय वर घेऊन चुरमुऱ्यांचं गिरमीट खात होता. दीक्षा पायरीवर चढली. "नागोजीअण्णा! गाडी इथं कशी? अकराला निघाली ना?"

"निघाली की!" नागोजी चुरमुरे चावत म्हणाला. "शेटजींनी प्रस्थान ठेवलंय. अक्कांच्या घरी, मेधाच्या आईकडं, कारवार रोडला. बरोबर अकराच्या मुहूर्तावर."

"प्रस्थान म्हणजे?" दीक्षानं विचारलं. तिच्या घरात मुहूर्त, कुंडली असलं काही मानत नसत, त्यामुळं तिला हा शब्दच ठाऊक नव्हता.

मेधानं कपाळाला हात लावला. "अगं, मुहूर्तावर निघायला जमत नसेल, तर सामानातली एखादी वस्तू त्या वेळेला जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास सुरू झाला असं धरतात. आपण सवडीनं मागाहून निघायचं!"

"म्हणजे लॉरी निघाली, पण लॉरी इथंच?"

"तसंच समज, रव्या."

"हमालांचं भरून व्हायला एक वाजला की," नागोजी म्हणाला. "घाटाचा पास शेटजींकडं. पास अन् लिंबू घेऊन येतो म्हणून वर गेलेत, अजून आले नाहीत. मी तरी काय करू?"

दीक्षा पायरीवरून खाली उतरली. आईला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. पण छपरावर घालायला सुपारी आणि मूठभर तांदूळ काय कामाचे? ती जिन्याकडं धावली.

दुकानाच्या वरच पद्मनाभशेठचं घर होतं. दार ठोठावून ठोठावून तिघांचे हात दुखले. शेवटी दार उघडलं. दोन रात्री जागून शेठनी गावभरच्या ताडपत्र्या गोळा केल्या होत्या. पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून ते पडले आणि गाढ झोपले!

"अय्यो! किती वाजले?" ते पास शोधत म्हणाले. पास सापडला तर चष्मा सापडेना, चष्मा डोक्यावर निघाला तर लिंबू सापडेना. कसंबसं सगळं घेऊन ते जिना उतरले, आणि शेवटच्या पायरीवर आले तेव्हा शेजारच्या घड्याळजीच्या दुकानात एकदम दहाबारा घड्याळांनी तीनचे टोले दिले.

शेठ मटकन पायरीवर बसले. "मंगळवार. तीन ते साडेचार राहुकाळ. आता गाडी हलायची नाही!"

"मामा!" मेधा किंचाळली. "साडेचारला निघाली तर घाटाला पोचायला सात वाजतील! सहाला घाट बंद!"

"तुमचा राहू तिकडं वाऱ्याला थांबवणार आहे का?" दीक्षाचा आवाज चिरकला. "माझी आई आहे तिथं! चारशे माणसं आहेत!"

शेठ रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "बाळ, सहा वर्षांपूर्वी अशीच घाई केली. राहुकाळात गाडी सोडली आणि ती अरबैलच्या तिसऱ्या वळणावर कलंडली. ड्रायव्हर सिद्रामचा पाय गेला. अजून तो समोर दिसला की मला मान वर करता येत नाही. आता नागोजीला पाठवू? त्याच्या पोरांना काय सांगू?"

वाऱ्यानं बोळातला कचरा गोल गोल फिरवला. दीक्षाला रडू येत होतं, पण रडण्यात मिनिटं जात होती. रागावून हा माणूस हलणार नाही, हे तिला कळून चुकलं. तो हट्टी नव्हता, तो घाबरला होता. आपल्याइतकाच!

तिनं डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "शेठकाका, राहुकाळात काय करायचं नसतं?"

"कशाचीच सुरुवात करायची नसते."

"आणि आधीच सुरू झालेलं काम? ते थांबवायचं असतं?"

"छे! सुरू असलेलं चालू ठेवायला काही हरकत नाही."

"मग लॉरी कधी निघाली?"

शेठनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि लॉरीकडं पाहिलं.

"तुम्ही माझ्या आईला सांगितलंत, अकराला निघाली म्हणून. ते खरं असेल तर प्रवास चार तासांपूर्वीच सुरू झालाय. आता फक्त पुढं जायचं आहे. आणि ते खोटं असेल..." दीक्षानं दोर आवळलेल्या गठ्ठ्यांकडं बोट केलं. "तर चारशे माणसं खोट्यावर विसंबून बसली आहेत."

नागोजीनं गिरमिटाचा कागद चुरगाळून फेकला. "पोरगी बरोबर बोलतीया, शेटजी!"

तेवढ्यात मेधाचा फोन वाजला. हेमावतीबाईंना चहाच्या सुट्टीत फोन हाती मिळाला होता. मेधानं धडाधड सगळं सांगून टाकलं आणि आवाज मोठा केला. हेमावतीबाई म्हणजे मेधाची आई, शेठची थोरली बहीण आणि गणिताची शिक्षिका, त्यामुळं त्यांच्यापुढं बाजारातले व्यापारीसुद्धा सरळ उभे राहत!

"पद्दू! प्रस्थान ठेवून माणूस घरी झोपतो का रे? उंबरा ओलांडून मागं फिरल्यासारखं आहे ते! अप्पा काय सांगायचे? प्रस्थान ठेवल्यावर रेंगाळू नये. आता एक मिनिट जरी थांबलास तर दोष तुझा, राहूचा नाही!"

"पण अक्का..."

"लगू, लवकर सोड गाडी!"

शेठ उठले. त्यांनी चार लिंबं चार चाकांखाली ठेवली आणि पास नागोजीच्या हातात दिला. "सावकाश जा म्हणत नाही. जपून जा." एवढंच ते बोलले.

इंजिन गुरगुरलं. तीन वाजून दहा मिनिटांनी लॉरी खरोखर निघाली!

तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसून कारवार रोडपर्यंत गेली. रवीनं धावत जाऊन बाकाखालचा गठ्ठा आणला, नागोजीनं तो मांडीशेजारी ठेवला आणि हात हलवून तो निघून गेला. लॉरी दिसेनाशी झाली तरी दीक्षा रस्त्यावरच उभी होती.

मग दीक्षाच्या घरी सुरू झालं वाट बघणं. त्याच्यापेक्षा सायकल मारत धावपळ बरी! दीक्षाचे वडील प्रेमानंद रेल्वेच्या वर्कशॉपमधून घरी आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि मुलांच्या शेजारी बसून राहिले. पाच वाजले. साडेपाच वाजले. सहा वाजता फोन वाजला तेव्हा दीक्षाच्या हातातून तो निसटलाच.

"घाट लागला! माझ्या मागंच फाटक टाकलं बघा!" नागोजी वाऱ्यावर ओरडत होता. "झाडं नुसती वाकलीत! ठेवतो, दोन्ही हात पाहिजेत!"

त्यानंतर काहीच नाही. आईचा नंबर लागेना, नागोजीचा लागेना. टीव्हीवरचा भोवरा किनाऱ्याला टेकला आणि कारवारकडची वीज गेल्याची बातमी आली. हुबळीतही पत्रे वाजत होते. तिसऱ्या वळणावर लॉरी कलंडलेली दीक्षाला पुन्हा पुन्हा दिसायची. आपण पाठवलं त्याला! मेधाचं ऐकून नाही, शेठकाकांचं ऐकून नाही, आपल्या बोलण्यावर तो गेला. आईला वाचवायला आपण दुसऱ्या कुणाच्या वडिलांना घाटात धाडलं का? वडिलांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

उजाडलं तेव्हा पाऊस कोसळत होता. दारात कुणीतरी उभं होतं. पद्मनाभशेठ! छत्री असून नखशिखांत भिजलेले. त्यांचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. मागोमाग मेधाही आली. चहा कुणी प्यायला नाही.

साडेसातला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दीक्षा..." आवाज एवढा बसला होता की ओळखू येईना. "मी आहे गं."

"आई! तू बरी आहेस?"

"बरी आहे. सगळे आहेत. एका बाजूची कौलं ताडपत्रीखालीच फुटली, पण दोरांनी धरून ठेवली, एकसुद्धा खाली पडलं नाही. रात्रभर पोरं त्या छपराखालीच होती. नागोजी पण इथंच आहे, छपरावर दोर आवळायला तोच पहिला चढला."

रवीनं उडी मारली आणि डोकं कपाटावर आपटून घेतलं. मेधा हसायला लागली. शेठनी मात्र हात पुढं केला. "मला देता का जरा?"

त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "सिस्टर, पद्मनाभ बोलतोय. लॉरी अकराला निघाली नव्हती. तीन दहाला निघाली. मी झोपलो होतो. तुमच्या मुलीनं येऊन उठवलं, आणि मी भ्यालो होतो तेव्हा मला रस्ता दाखवला. हे तुम्हाला ठाऊक पाहिजे."



"तुमच्या लॉरीनंतर एकही गाडी आली नाही, शेठ," वनिता सिस्टर म्हणाल्या. "ती शेवटची."

शेठनी फोन परत दिला आणि भिजल्या डोळ्यांनी दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "या पोरांची अक्कल आम्हा मोठ्यांना असती तर!" प्रेमानंदांनी तिघांनाही एकदम जवळ ओढलं.

"दीक्षा," फोनमधून आई म्हणाली, "इथली पोरं विचारतायत, लॉरी कुणी पाठवली? काय सांगू त्यांना?"

कालपासून दीक्षा एकदाही मोकळेपणी रडली नव्हती. आता मात्र तिला रडू आवरेचना! शेवटी तिला एवढंच म्हणता आलं, "आई, तू घरी ये."

"रस्ता उघडला की पहिल्या गाडीनं येते," आई म्हणाली.