सव्वाचारची नोंद

टेबलावर सतरा स्क्रू होते, चार ओळींत मांडलेले. शिवाय दोन पंखे, तीन फिती, तांब्याची एक वाकडी नळी आणि पोट उघडं टाकून पालथा पडलेला एक जाडजूड लॅपटॉप. तिने दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेबाहेरूनच मोजलं. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्यापुढे सहा जण होते आणि मोजायला दुसरं काही नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, लॅपटॉप हुबेहूब तिच्याकडच्यासारखाच आहे. टेबलामागच्या माणसाने त्याच्या पोटातून एक हिरवी पाटी दोन बोटांनी उचलली... झोपलेलं मांजराचं पिल्लू उचलावं तशी. रांग सोडून ती आत शिरली.

"ते ग्राफिक्स कार्ड आहे? ते निघतं?"

"या मॉडेलमध्ये निघतं," तो मान वर न करता म्हणाला. "बाकीच्यांत जन्माची गाठ असते."

"आणि दुसरं बसतं?"

"बसतं. नांदतं की नाही, ते नंतर कळतं." आता त्याने वर पाहिलं. "तुम्ही मघापासून ओठ हलवत काय मोजत होतात?"

"स्क्रू. सतराच आहेत. अठरा हवेत."

तो बघतच राहिला. "अठरावा आधीपासूनच नव्हता. पण तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याकडे हेच मशीन आहे. एकदा उघडलं होतं."

"मग?"

"मग... घाबरून बंद केलं."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटायचा, हीही तिने नोंद घेतली.

ती गोगलगायींच्या शंखांचा अभ्यास करायची. एका शंखाचे दोन हजार छेद जोडून पडद्यावर अखंड शंख उभा करायचा, फिरवायचा आणि आतल्या वळणांची मापं घ्यायची. जुन्या कार्डावर तिचा शंख फिरायचा नाही, नुसता कण्हायचा. दुसऱ्याच दिवशी ती आपलं मशीन घेऊन आली.

दुकानात सगळे त्याला चिमटा म्हणायचे. दुकान काकूंचं. त्याने आठ वर्षं लोकांचे कीबोर्ड बदलल्यावर काकूंनी त्याला मोठ्या मशीनचं टेबल दिलं होतं, तेही महिनाअखेरपर्यंत, चाचणी म्हणून. "हे टेबल कायम झालं ना, की..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच ठेवून पेचकस शोधू लागला. पेचकस त्याच्या हातातच होता. भिंतीवर एक तक्ता होता. दुरुस्त केलेलं मशीन परत आलं की दुरुस्त करणाऱ्याच्या नावापुढे काकू लाल ठिपका लावत.

नवं कार्ड बसलं, पण पडदा उजळेना. मशीन नुसतं टुकटुक करत राहिलं.

"ओळख पटत नाहीये एकमेकांची," चिमटा म्हणाला. त्याने मशीनचं मूळ सॉफ्टवेअर नवं केलं. ओळख पटली. तिने घरी नेलं, शंख फिरवला आणि वीस मिनिटांत तापमान सत्त्याण्णव अंशांवर जाऊन मशीन पटकन बंद पडलं. परत आली ती. पहिला लाल ठिपका लागला, आणि तो खरा होता.

चूक त्याने तासाभरात पकडली. चिपांवरची उष्णता तांब्याकडे नेणारी मऊ पट्टी अर्धा मिलिमीटर जास्त जाड पडली होती, त्यामुळे तांबं मुख्य चिपला एका कोपऱ्यात टेकतच नव्हतं.

"एवढीशी फट?"

"कागदाएवढी. पण दोन जिवांत तेवढीही पुरते," तो बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले.

"चिमट्या," काकू काउंटरवरून म्हणाल्या, "जिवांचं नंतर बघ. आधी पंखा लाव."

त्यानंतर मशीन बिनबोभाट चालू लागलं. शंख पाण्यातल्या पानासारखा फिरायचा. पंचाईत तीच होती. दुकानात जायला काही कारणच उरलं नाही. चार दिवस ती शंखाकडे बघत बसली. तिच्या ताईने शेवटी विचारलंच, "मशीन बरं झालं म्हणतेस, मग तुझं तोंड का उतरलंय?"

पाचव्या दिवशी तिने लॅपटॉप उचलला.

"पडदा काळा होतो," तिने त्याला सांगितलं.

"किती वेळा?"

"दोनदा."

"किती वाजता?"

हे तिने ठरवलं नव्हतं. "सव्वाचारला... परवा. आणि नंतर एकदा."

"काय चालू होतं?"

"शंख... शंख फिरवत होते."

त्याने वही काढली. तारीख, वेळ, काय चालू होतं, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. तिच्या प्रयोगशाळेत अशी बनावट नोंद सापडली असती तर तिला बाहेरचा रस्ता दाखवला असता. काकूंनी दुसरा ठिपका लावला तेव्हा तिने तक्ता मोजला. अडतीस मशीन, एकूण ठिपके दोन, दोन्ही तिचेच. जेमतेम पाच टक्के. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय?

तीन दुपारी ती त्याच्या शेजारी बसून शंख फिरवत होती आणि तो पडद्यावर नजर लावून होता. कोपराला कोपर लागत होतं, आणि मशीनची ऊब दोघांच्या मनगटांवर येत होती. पडदा काळा होत नव्हता.

"नाही दिसत," तो म्हणाला.

"कधी कधी नाही दिसत."

"माझ्या मापांत सगळं ठीक आहे. पण तुम्ही पाहिलंय ना?" तो मान हलवत म्हणाला. "मग आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने शंख पुन्हा एकदा फिरवला. त्याने तिच्या शब्दाखातर पडद्याकडे जाणारी तारांची फीत बदलली, कार्ड पुन्हा उतरवून बसवलं. निघताना तो म्हणाला, "आता परत येऊ नका हं," आणि असा हसला की ती आठ दिवसांत परत गेली. या वेळी तिने वेळ घरूनच ठरवून नेली होती.

चार दिवसांनी मशीन न्यायला ती आली, तेव्हा मोठ्या टेबलामागे भलताच माणूस बसला होता. चिमटा दाराजवळ उभा राहून खोक्यांवर पत्त्याच्या पट्ट्या चिकटवत होता.

"टेबल?" तिने काकूंना विचारलं.

"एकच मशीन तीनदा परत आलं की टेबल जातं. माझ्या वडिलांपासूनचा नियम आहे." काकूंचाही आवाज जड होता. "हात सोन्याचे हो पोराचे. पण तुमच्या मशीनने त्याला पार हरवलं."

ती टक्के काढत बसली होती. नियम टक्क्यांचा नव्हताच.

ती खोक्यांपाशी गेली. "पडदा कधीच काळा झाला नव्हता."

त्याचा हात पट्टीवरच थांबला. "सव्वाचारला?"

"नाही."

"मग नंतर एकदा?"

"नाही... काहीच नाही. मला तुम्हाला भेटायचं होतं."

त्याने अर्धी चिकटलेली पट्टी दाबून बसवली. मग हळूच म्हणाला, "नुसतं आला असतात तरी चाललं असतं. मी रोज दाराकडेच बघत होतो."

"मी काकूंना सांगते. आत्ता सांगते."

तिने सांगितलं, सगळं. काकूंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "बाई, टेबल काल दुसऱ्याला दिलं. ते काही पाट नव्हे, उचलून परत इकडे मांडायला." आणि थोड्या वेळाने, "फार वाईट केलंत हो."

ती त्याच्याकडे वळली. "टेबल कायम झालं की... असं म्हणाला होतात. काय होतं पुढे?"

"तुम्हाला विचारणार होतो काहीतरी."

"विचारा ना."

"टेबल गेलं ते गेलं," तो म्हणाला. "पण मी दोनदा माझी मापं खोटी धरली आणि तुम्हाला खरं धरलं. आता उद्या तुम्ही 'हो' म्हणालात, तर ते मी कशाने तपासू?"

त्याने फळीवरून तिचा लॅपटॉप काढला, फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. वर घडी घातलेला कागद होता, त्याच सुवाच्य अक्षरातला. तो तिने रस्त्यावर येऊन उघडला.

सलग सहा तास, पूर्ण भार. कमाल तापमान एकोणसत्तर अंश. पडदा काळा झाला : शून्य वेळा.